मोत्सार्टचे फ्लूट कॉन्चेर्टो जुन्या वाद्यांवर: हार्लेममधल्या रेकॉर्डिंगच्या नोंदी

९ नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी. मोत्सार्टचे दोन फ्लूट कॉन्चेर्टो, जी मेजरमधला के. ३१३ आणि डी मेजरमधला के. ३१४ (के. म्हणजे मोत्सार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीतला क्रमांक), आणि जोडीला सी मेजरमधला छोटा अंदांते के. ३१५. तिन्ही मिळून साधारण ५० मिनिटांचं संगीत. सगळं त्या काळच्या वाद्यांच्या नकलांवर वाजवायचं. सोलो फ्लूट बॉक्सवूडचा, एकाच चावीचा, ड्रेस्डेनच्या आउगुस्ट ग्रेन्सरच्या फ्लूटवरून बनवलेला. ओबोला दोन चाव्या, हॉर्नला व्हॉल्व्ह नाहीत, व्हायोलिन-चेलोला मेंढीच्या आतड्याच्या म्हणजे तातीच्या तारा. पट्टी ए म्हणजे ४३० हर्ट्झ, आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ ४० सेंट खाली (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर).

मी साउंडवाला. इथे नेदरलँड्समध्ये राहून हीच कामं करतो, आणि वादक बहुतेक हेगच्या रॉयल कॉन्झर्वेटरीत जुन्या संगीताच्या विभागात शिकलेले. मराठीत लिहितोय कारण पुण्या-मुंबईतले आणि इकडे युरोपात शिकायला आलेले काही जण नेहमी विचारतात की असलं रेकॉर्डिंग नक्की कसं करतात, अडतं कुठे. माइक कुठला वापरला हे सगळे सांगतात, अडतं मात्र भलतीकडेच, म्हणून या नोंदी.

१७ नोव्हेंबर

आज फक्त स्कोअर आणि माणसं. साल्झबुर्गच्या मोत्सार्टेउमने नवी संपादित आवृत्ती नेटवर ठेवलीय, ती बघायला फुकट आहे, पण वादकांपुढे ठेवायचे पार्ट्स विकतच घ्यावे लागतात, ते बजेटमध्ये धरा. दोन्ही कॉन्चेर्टोंची मोत्सार्टच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे स्लर कुठे, तुटक कुठे, यावर सोलोइस्ट आणि पहिली व्हायोलिनवाली यांनी बसून ठरवलं आणि सगळ्यांच्या पार्टवर पेन्सिलने लिहिलं. हे आधीच करून टाका, चर्चमध्ये सतरा लोक बसलेले असताना ही चर्चा सुरू झाली की भाड्याचा मीटर चालू असतो.

स्ट्रिंग्ज ४-४-२-२-१ (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास), दोन ओबो, दोन हॉर्न. आता एक खर्च जो बजेटमध्ये आलाच नव्हता: के. ३१३ च्या अॅडॅजिओत, म्हणजे मधल्या संथ मूव्हमेंटमध्ये (भागात), ओबो गप्प आणि त्यांच्या जागी दोन फ्लूट येतात. त्या काळी ओबोवालेच फ्लूट हातात घ्यायचे, आमचे ओबोवाले तेवढा चांगला ट्राव्हेर्सो, म्हणजे हा जुना लाकडी फ्लूट, वाजवत नाहीत. म्हणजे एका मूव्हमेंटसाठी आणखी दोन जण, त्यांचं मानधन, प्रवास. आणि नुसते कुणीही चालत नाहीत, त्यांची वाद्यं ४३० ची हवीत आणि सोलो फ्लूटशी स्वभाव जुळणारी हवीत.

मोत्सार्टला हे काम १७७७ मध्ये मानहाइममध्ये मिळालं, आणि देणारा होता फर्डिनांड देजाँ, डच ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन म्हणून पूर्वेकडे राहून आलेला माणूस, हौशी फ्लूटवाला. २०० गुल्डन ठरले होते, काम पुरं झालं नाही म्हणून ९६ मिळाले. डी मेजरचा कॉन्चेर्टो तर आधीच्या ओबो कॉन्चेर्टोचाच, सी वरून डी वर नेलेला. पण म्हणून तो कमी दर्जाचा असं मला अजिबात वाटत नाही, लाकडी फ्लूटला डी मेजर म्हणजे घरचं अंगण, त्या सुरात हे वाद्य जसं मोकळं बोलतं तसं दुसऱ्या कुठल्याच सुरात बोलत नाही.

३ डिसेंबर

चर्च ठरलं. हार्लेमच्या जुन्या भागातलं, मध्यम आकाराचं, लाकडी छत, रेव्हर्ब, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, दोन सेकंदांच्या आसपास. आज रिकाम्या चर्चमध्ये दोन ओम्नी (सगळीकडून आवाज घेणारे) माइक लावून नुसती शांतता रेकॉर्ड केली, सकाळपासून रात्री अकरापर्यंत. हे प्रत्येकाने करावं, टाळ्या वाजवून रेव्हर्ब ऐकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

काय सापडलं: एक, विमानं. वारा कुठून आहे त्यावर स्किपोल विमानतळाची कुठली धावपट्टी चालू हे ठरतं आणि त्यावर आपला दिवस ठरतो. संध्याकाळनंतर बरं असतं. दोन, घंटा. रात्री नऊ ते साडेनऊ सेंट बाव्होच्या मनोऱ्यातल्या दामियाचेस घंटा रोज वाजतात, ही इथली जुनी परंपरा आहे, ती काही आपल्यासाठी थांबणार नाही, मग तेव्हा सूप-ब्रेडची सुट्टी. तीन, हीटर. गरम हवा फेकणारा ब्लोअर आहे, त्याचा आवाज माइकमध्ये सरळ येतो, म्हणजे टेक चालू असताना तो बंदच ठेवावा लागणार. या तिसऱ्या गोष्टीकडे तेव्हा मी फक्त आवाज म्हणून बघितलं. वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त गेला तो यातच.

२० डिसेंबर

सोलो फ्लूटची तयारी. सांध्यांवरचा दोरा नवीन गुंडाळला, मेण लावलं, आतून बदामाचं तेल. ग्रेन्सरच्या काळी फ्लूटबरोबर मधल्या भागाचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे मिळायचे, गावागावाची पट्टी वेगळी असायची म्हणून. आमच्या सोलोइस्टने ४३० च्या तुकड्याबरोबर थोडा आखूड, साधारण ४३५ चा तुकडाही बनवून घेतलाय. कारागिराने सांगितलं होतं की थंडीत वाजवणार असाल तर घ्याच. महाग वाटलं तेव्हा.

ज्यांनी बासरी वाजवलीय त्यांना हे वाद्य लगेच कळेल, सहा भोकं आणि आडवी फुंक, बाकी सगळं ओठांवर. फरक असा की इथे अर्धं भोक दाबून सूर काढत नाहीत, फोर्क फिंगरिंग करतात, म्हणजे मधलं भोक उघडं ठेवून त्याच्या खालचं दाबतात, त्यामुळे काही सूर दबके येतात, बी फ्लॅट, जी शार्प. एफ नॅचरल चढा लागतो तो ओठाने खाली ओढायचा, एफ शार्प उतरा असतो तो वर न्यायचा. म्हणजे वाजवणारी प्रत्येक सुराला ओठाने सांभाळत असते. तिच्याकडे ओठाची जेवढी जागा आहे ती या कामातच संपते, हवामानासाठी फारशी शिल्लक राहत नाही.

११ जानेवारी

पहिला दिवस, बॅलन्स. दुपार सगळी गेली.

मुख्य माइक तीन ओम्नी, डेक्का ट्री म्हणजे त्रिकोणात लावलेले, साधारण पावणेतीन मीटर उंचीवर. फ्लूटला एक स्पॉट, म्हणजे जवळचा वेगळा माइक. सोलोइस्टला आधी कॉन्सर्टसारखं पुढे, पाठ ऑर्केस्ट्राकडे, असं उभं केलं. फ्लूट ऐकूच येईना, म्हणजे येत होता पण स्पॉट वर केल्याशिवाय नाही, आणि स्पॉट वर केला की फुंकेचा फुसफुस आवाज पुढे आणि फ्लूट वेगळ्याच खोलीत असल्यासारखा. हा फ्लूट आजच्या चांदीच्या फ्लूटपेक्षा लहान आवाजाचा आहे, ते फेडरने (मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीने) झाकायला गेलं की खोटं ऐकू येतं.

मग फेडर सोडले आणि खुर्च्या हलवल्या. सोलोइस्टला ट्रीच्या अलीकडच्या बाजूला, तोंड ऑर्केस्ट्राकडे, ऑर्केस्ट्रा समोर अर्धगोलात. आता तिला पहिली व्हायोलिनवाली डोळ्यांसमोर दिसते हा दुसरा फायदा. हॉर्न आणखी मागे, वाद्याचं रुंद तोंड दगडी भिंतीकडे नको म्हणून तिरके. आणि सोलो चालू असताना मागचे डेस्क गप्प, फक्त पुढचे वाजवणार, टुट्टीला, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्राच्या जागी, सगळे. अठराव्या शतकात ही पद्धत होतीच आणि ती का होती हे माइकसमोर बसल्यावर पटकन कळतं. एवढं केल्यावर स्पॉटची गरज जेमतेम राहिली. तो पाऊण मीटर वर, तोंडाच्या रेषेतून बाजूला, फ्लूटच्या मधल्या भागावर रोखलेला ठेवला. ट्रीपासून ३ मीटरवर असेल तर स्पॉटला साधारण ९ मिलिसेकंद डिले द्या, नाहीतर फ्लूट दोनदा सुरू झाल्यासारखा वाटतो.

प्रत्येक खुर्चीच्या पायाला जमिनीवर टेप लावली, माइकची उंची वहीत लिहिली, फोटो काढले. ही पंधरा मिनिटं अजिबात वाचवू नका.

१२ जानेवारी

के. ३१४ ने सुरुवात. बाहेर ३ अंश. सकाळी ब्लोअर दोन तास चालवून चर्च १९ वर आणलं, बंद केला, ट्यून केलं ४३० ला, आणि सुरू. पहिले टेक सुंदर. वाजवणारे खूश, मीही.

पाऊण तासाने तापमान साडेपंधरा. ब्लोअरने फक्त हवा तापते, दगडी भिंती थंडच असतात, त्यामुळे तो बंद झाला की हवा भराभर खाली येते. हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर कमी होतो आणि फुंकेच्या वाद्याची पट्टी अंशामागे साधारण ३ सेंट उतरते. साडेतीन अंश म्हणजे १० सेंटच्या वर, म्हणजे ४३० ची ओबो ४२७ च्या आसपास. तातीच्या तारा त्या प्रमाणात उतरत नाहीत, त्या आपल्या जागी किंवा उलट चढ्या. सोलोइस्टने फ्लूट पूर्ण आत ढकललेला, आणखी आत जायला जागाच नाही, मग ती ओठाने वर ओढत राहिली आणि आवाज पातळ व्हायला लागला.

सगळ्यात वाईट फटका बसला तो पहिल्या मूव्हमेंटमध्ये फ्लूटच्या एंट्रीला. तिथे एक छोटी धाव घेऊन फ्लूट वरच्या डी वर जाऊन थांबतो आणि चार बार तो एकच सूर धरून ठेवतो, खाली ऑर्केस्ट्रा मूळ चाल वाजवत असतो. पूर्ण रेकॉर्डिंगमधली सगळ्यात उघडी जागा. लोक ऐकतात ती हीच. सकाळच्या टेकमध्ये सूर छान पण मध्येच विमान, नंतरच्या टेकमध्ये शांतता छान पण सूर आणि व्हायोलिन यांच्यात फट. आणि एकातला अर्धा दुसऱ्याला जोडता येत नाही, कारण पट्टीच वेगळी.

मध्ये मध्ये ब्लोअर लावला तर आणखी घोळ, हवा कोरडी होते, तारा हलतात, पहिल्या व्हायोलिनची ई तुटली. प्लेन तातीची ई तुटतेच, प्रत्येकाकडे दोन-तीन जास्तीच्या ठेवा, पण नवी तार ताणून स्थिर व्हायला वेळ लागतो तेवढा वेळ सगळे बसून राहतात.

संध्याकाळपर्यंत कामाचं जे मिळालं ते फारच थोडं.

१३ जानेवारी

काल रात्री चर्चच्या कोस्टरशी बोललो, म्हणजे चर्चची देखभाल बघणारे काका. त्यांना हा प्रश्न आमच्यापेक्षा चांगला माहीत होता, त्यांच्या ऑर्गनचंही हेच होतं, आणि भराभर तापवल्याने ऑर्गनचं लाकूड तडकतं म्हणून ते स्वतःच हळू तापवायच्या बाजूचे. त्यांनी रात्रभर ब्लोअर अगदी मंद चालू ठेवला. सकाळी हवा साडेसतराच, कालपेक्षा कमी, पण भिंतींना हात लावला तर कालच्यासारख्या बर्फ नव्हत्या.

त्याचा फरक प्रचंड पडला. ब्लोअर बंद केल्यावर तासाभरात एक अंशसुद्धा उतरलं नाही. त्यात वीस माणसं, एक माणूस शांत बसला तरी १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो, म्हणजे दोन किलोवॅटचा बिनआवाजी हीटर झालाच की. सोलोइस्टने ४३५ चा आखूड तुकडा लावला आणि थोडा बाहेर ओढला, आता तिला वर आणि खाली दोन्हीकडे जागा. महाग वाटलेल्या तुकड्याने आजचा दिवस वाचवला.

आणखी बदल केले ते असे. टेकच्या कागदावर नवीन रकाना, तापमान, थर्मामीटर सोलोइस्टच्या स्टँडवर, छताजवळ किंवा कंट्रोल रूममध्ये नाही. ओबोकडून ए घेणं बंद, कारण ओबोच हलतेय, सगळे ट्यूनरवरून ४३० घेणार. १७ च्या खाली गेलं की थांबायचं, कितीही चांगलं चाललं असलं तरी. आणि एक मूव्हमेंट एकाच तापमानात पुरी करायची, पुढे जायचं नाही.

के. ३१३ चा पहिला मूव्हमेंट आज पूर्ण झाला, मनासारखा.

१४ जानेवारी

अॅडॅजिओ. व्हायोलिन म्यूट लावून, तीन लाकडी फ्लूट एकत्र. असा आवाज मी आजवर कुठल्याच सेशनमध्ये ऐकला नव्हता. दोघे फ्लूटवाले बराच वेळ नुसते बसून होते त्यामुळे त्यांची वाद्यं गार, सोलो फ्लूट तापलेला, पहिल्या टेकमध्ये सरळ उतरे आले. मग त्यांनी प्रत्येक टेकआधी आवाज न करता आत कोमट फुंकर मारत राहायची, कोटाच्या आत धरून बसायचं. लांबलेल्या टेकमध्ये थंडीने आत पाणी साचतं, ते तोंडाच्या भोकाशी आलं की सूर फाटतो. प्रत्येक टेकनंतर काठीला कापड लावून पुसायचं, घाई असली तरी.

हॉर्नवाल्यांना बाहेरच्या मूव्हमेंट्सना जी चा क्रूक (हॉर्नचा मूळ सूर बदलणारी, काढता-घालता येणारी नळी), अॅडॅजिओला डी चा. के. ३१४ मध्ये बरोबर उलटं. बदललेला क्रूक गार असतो, ट्यूनिंगला वेळ द्यावाच लागतो. यासाठी आम्ही रेकॉर्डिंगचा क्रम मूव्हमेंटप्रमाणे न ठेवता क्रूकप्रमाणे लावला.

कॅडेन्झा, म्हणजे सोलोइस्टने एकटीने वाजवायच्या जागा, मोत्सार्टच्या हातच्या मिळत नाहीत, सोलोइस्टने स्वतः लिहिल्या, छोट्या. त्या रात्री साडेनऊनंतर केल्या, घंटा संपल्यावर, कारण एकटा फ्लूट वाजताना मागे काहीच झाकायला नसतं. कॅडेन्झाच्या आधीचा ऑर्केस्ट्राचा थांबा आणि नंतरची ट्रिल याही त्याच वेळी परत घेतल्या. नुसती कॅडेन्झा घेतली असती तर ती जोडताच आली नसती.

८ फेब्रुवारी

एडिटिंग. के. ३१३ आणि अंदांते छान जुळले. के. ३१४ चा पहिला मूव्हमेंट १२ तारखेच्या माऱ्यातून उठतच नाही.

पुण्याचा एक मित्र, तिकडे शास्त्रीय संगीताची रेकॉर्डिंग करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे पूर्ण टेकच दहा सेंट वर घे ना, एवढं काय त्यात?" करून बघितलं. सगळे ट्रॅक एकत्र अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त वेगाने चालवले की पट्टी वर येते, वेग वाढलेला कळतही नाही. ओबो-हॉर्न बरोबर जागेवर आले, आणि तारा चढल्या, कारण त्या मुळात उतरल्याच नव्हत्या. तेव्हा त्याला म्हटलं, "तुझ्याकडे तानपुरा असतो रे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे त्याला धरून. इकडे सूर एकदा देतात आणि मग वीस जण हवेवर सोडलेले." यावर तो म्हणाला मग परत रेकॉर्ड कर, दुसरा उपाय नाही. तो बरोबर होता. तीन आठवडे मी प्लगइन चाळत बसलो ते सगळे पाण्यात.

दबक्या सुरांचं एक सांगायचं राहिलं. बी फ्लॅट वगैरे आले की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, तो सूर वर करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणावासा वाटतो. आधी केलं तसं, सोलोइस्टने ऐकलं आणि सगळं काढायला लावलं. ते सूर मुळातच सावलीतले, वाक्य त्यांच्या भोवती रचलंय. सपाट केल्यावर चालच मेली होती.

१९ मे

के. ३१४ परत. तेच चर्च, टेपच्या खुणा कोस्टरकाकांनी पुसू दिल्या नव्हत्या. हीटर बंदच, आत १८, दिवसभरात अर्धा अंश इकडे तिकडे. फ्लूटला ४३० चा मूळ तुकडा.

आवाज मात्र जानेवारीपेक्षा उघडा, वरच्या बाजूला चमक जास्त. माइक तेच, उंची तीच, टेप तीच. मग फोटो बघताना लक्षात आलं, जानेवारीत बाकांवर सगळ्यांचे जाडजूड कोट पडले होते आणि अंगात दोन-दोन स्वेटर. घोंगड्या आणून बाकांवर टाकल्या, तेव्हा कुठे जानेवारी आणि मे यांच्यातला फरक ऐकू येईनासा झाला.

वरचा डी आज एका श्वासात, न हलता, खाली व्हायोलिन त्याला टेकून. संपल्यावर कुणी लगेच बोललं नाही, आणि मी रेव्हर्ब पूर्ण विरेपर्यंत स्टॉप दाबला नाही. जोड न लावता तो तसाच वापरणार.

११ जून

मिक्स झालं. मास्टर २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, सीडीसाठी १६ बिट ४४.१. स्पॉट मुख्य माइकच्या बराच खाली आहे, काही जागी बंदच.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: सगळ्यात मोठा आकडा वादकांचं मानधन आणि प्रवास, दुसरा चर्चचं भाडं, आणि मे महिन्याच्या दिवसासाठी हे दोन्ही परत मोजले. माइक आणि मशीनचा वाटा या दोघांच्या मानाने फार कमी. रात्रभर मंद हीटर चालवल्याचं गॅसबिल वेगळं भरलं, ते त्या वाया गेलेल्या एका दिवसाच्या मानधनाचा अगदी छोटा भाग आहे. युरोपात हे करणार असाल तर मे-जूनमधली तारीख धरा, किंवा हिवाळ्यात धरली तर चर्च आदल्या संध्याकाळपासून ताब्यात घ्या आणि तेवढं भाडं आधीच कबूल करा. टेकच्या कागदाचा नमुना मी आता असा वापरतो: टेक, बार कुठून कुठे, तापमान सुरुवातीला, तापमान शेवटी, क्रूक, फ्लूटचा तुकडा, बाहेरचा आवाज, शेरा. पुढच्या वेळी आर्द्रतेचाही रकाना घालणार आहे, तारांसाठी.